पंचफुलाबाईचा मंगळवार

पंचफुलाबाईला मी पहिल्याच दिवशी 'तू' म्हटलं. मी बावीस वर्षांची, ती चाळिशी ओलांडलेली. मी नर्सिंगची परीक्षा नुकती कशीबशी पास झालेली, आणि तिच्या हातून अर्धं गाव जन्माला आलेलं. तरी मी तिला 'तू' म्हटलं आणि तिनं मला 'तुमी' म्हटलं, आणि त्यात काही चुकतंय असं निदान मला तरी वाटलं नाही. आज सत्तरी उलटल्यावर अकोल्याच्या या घरात बसून तिच्याबद्दल लिहायला घेतलंय, तर सुरुवात तिथूनच केली पाहिजे. तिचं कौतुक करणारे लोक नंतर पुष्कळ भेटले. त्यांच्यात मला बसायचं नाही.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. धामणगाव रेल्वेपासून सहा मैलांवर मांडवखेड म्हणून गाव आहे, तिथं माझी पहिली नेमणूक झाली. अमरावतीच्या भिक्षुकाची मुलगी नर्स झाली म्हणून वडिलांनी तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळं मी स्वतःला फार मोठी बंडखोर समजत होते. बाजारगल्लीत एक खोली, एक खाट, औषधांचं कपाट, सरकारी शिक्का आणि वर्षभराची रजिस्टरं, एवढा माझा संसार. गावातल्या दाया शोधून त्यांना महिनाभर शिक्षण द्यायचं, असा वरून हुकूम होता. गावात दाई एकच होती आणि तिनं काम सोडलेलं होतं.

तिनं काम का सोडलं, ते मला चार घरांतून चार तऱ्हांनी ऐकायला मिळालं. "माजली" हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. खरं कारण असं, की छप्पन्न साली ती आणि तिचा नवरा देवमन नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि बौद्धपुऱ्यात ठराव झाला. मेलेलं ढोर ओढायचं नाही, भाकरी मागायची नाही आणि बायांनी गावाची नाळ कापायला जायचं नाही. पिढ्यानपिढ्या हे काम तिच्या घरातल्या बायकांकडं. गोठ्याच्या दारानं आत जायचं, गोठ्याशेजारच्या खोलीत बाळंतीण सोडवायची, वार पुरायची, घाण झालेली लुगडी नाल्यावर धुवायची. बाराव्या दिवशी सुपभर जवारी मिळायची आणि एखादं जुनेर, तेही हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकलेलं. पंचफुलाबाईनं हे बंद केलं. पुढच्या दोन वर्षांत गावात दोन बायका बाळंतपणात गेल्या, आणि गावानं बिनदिक्कत सांगायला सुरुवात केली की पंचफुलानं मारल्या.

मी तिच्या दारात गेले तेव्हा ती मिरच्या निवडत बसली होती. मी शिक्षणाचं सगळं सांगितलं, साबण, कात्री, उकळलेला दोरा, अॅल्युमिनियमची पेटी. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मले हे सांगा नर्सबाई, घरात जा लागन तं कोनत्या दारानं?"

"पुढच्या," मी म्हटलं. "सरकारी दाई म्हणजे पुढच्याच दारानं."

"लिहून देता?"

मला हसू आलं. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. मी खोलीवर आले आणि सरकारी कागदावर लिहिलं, 'दाई पंचफुलाबाई यांना कामाकरिता घराच्या पुढील दाराने प्रवेश देण्यात यावा.' खाली सही ठोकली, वर शिक्का मारला. असा नियम सरकारनं कधी केलेला नव्हता. माझ्या सबंध नोकरीत मी केलेला हा एकच खोटा कागद, आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं चांगलं काम दुसऱ्या कुठल्याच कागदानं केलं नाही.

तो कागद घडी करून ती पेटीत झाकणाच्या आत ठेवायची. दार अडवलं की उघडून दाखवायची. वाचता येणारा मनुष्य घरात क्वचितच असायचा, पण शिक्का सगळ्यांना वाचता यायचा. काही घरांनी पुढचं दार उघडलं. काहींनी नाक मुरडलं आणि पोर आडवं आल्यावर धावत तिच्याकडं आले. तीन वर्षांत एकही बाळंतीण तिच्या हातून गेली नाही आणि एकाही पोराला धनुर्वात झाला नाही.

पण तिचं डोकं फक्त बाळंतपणात अडकलेलं नव्हतं. गावातल्या बायकांच्या अंगाचं खरं रजिस्टर माझ्या कपाटात नव्हतंच, ते तिच्याकडं होतं. सकाळी उजाडताना बायका गोदरीत, म्हणजे परसाकडच्या मोकळ्या जागेत, जात. गावाची गोदरी आणि बौद्धपुऱ्याची गोदरी शेजारीशेजारी, मध्ये एक बोरीचं झुडूप. झुडपाच्या पलीकडून विटाळ होत नसावा, कारण तिथं सगळ्या मोकळेपणानं बोलत. सासूसमोर जे निघत नाही, नवऱ्यापुढं जे उच्चारता येत नाही, ते तिथं लोटा हातात घेऊन निघायचं. कुणाला चार महिने अंगावर पांढरं जातंय, कुणाची पिशवी खाली उतरलीय, कुणाची पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि आता पुन्हा डाग दिसतोय. पंचफुलाबाई ऐकून घ्यायची आणि येऊन मला सांगायची. मी म्हणायचे, "मग दवाखान्यात येत का नाहीत?" ती दाराबाहेरच्या बाजारगल्लीकडं बोट दाखवायची.

साठ सालच्या अखेरीस आमच्या नशिबानं लेडी डॉक्टर मिळाल्या. डॉक्टर सरोजिनीबाई अमरावतीहून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी यायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुखायला लागल्यावर येऊ नका, दुखायच्या आधी या. आतून एकदा तपासून घेतलं तर पुष्कळ गोष्टी वेळेत कळतात. पहिले दोन मंगळवार त्या माझ्या बाजारगल्लीतल्या खोलीत चार-चार तास बसल्या आणि माझा चहा पिऊन परत गेल्या. बाजारगल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं, प्रत्येक दुकानात दोन माणसं, आणि प्रत्येकाला दोन डोळे. तिथून कोण येणार?

"इहारात बसवा त्याईले," पंचफुलाबाई म्हणाली.

बौद्धपुऱ्याच्या लोकांनी नाल्याच्या काठी मातीच्या भिंती आणि वर टिनपत्रे असा विहार बांधला होता. त्याला मागून एक दार होतं, ते थेट नाल्याकडं उघडायचं, जिथं गावभरच्या बायका धुणं धुवायच्या. तिचा हिशेब असा, की बाई धुण्याचं गाठोडं घेऊन घरातून निघाली तर तिला कुणी विचारत नाही. देवमन विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी, तीही त्या कमिटीत. तो शाळा शिकलेला, कमी बोलणारा, ताठ माणूस. त्यानं किल्ली देताना फक्त एवढं विचारलं, "गावच्या बाया येतीन? आपल्या इहारात?"

"येतीन. तुमी माणसं तेवढी त्या दिवशी इकडं फिरकू नका."

आणि बायका आल्या. पहिल्या मंगळवारी सात, दुसऱ्या मंगळवारी एकोणीस. गाठोडी भिंतीशी ठेवून, पदर तोंडावर ओढून, ओळीनं बसायच्या. परत जाताना नाल्याचं ओंजळभर पाणी स्वतःच्या अंगावर शिंपडायच्या, विहाराचा विटाळ धुऊन टाकायला. मला संताप यायचा. पंचफुलाबाई म्हणायची, "शिंपडू द्या. आल्या तं सही ना." आणि हा संताप करणारी मी स्वतः त्या दिवशी घरून पाण्याची बाटली भरून नेत होते. तिच्या माठातलं पाणी मी घेत नव्हते. तिनं ते पाहिलं होतं आणि मला कधी बोलून दाखवलं नाही.

पाचव्या मंगळवारी केशरबाई आल्या. केशरबाई म्हणजे गावचे पाटील उत्तमराव यांची बायको. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या त्यानंतर दिवसाउजेडी गावच्या रस्त्यावर त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. पाटलाच्या घरच्या बायकांना गोदरीसुद्धा परसात वेगळी, त्यामुळं पंचफुलाबाईच्या कानावर त्यांचं काही येत नसे. त्यांच्या धुणेवालीनं ही गोष्ट आणली होती, की पाटलीणबाईंची पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि तरी लुगड्याला डाग असतो. पंचफुलाबाईनं त्याच धुणेवालीकडून निरोप धाडला. केशरबाई स्वतःच्या मोलकरणीचं लुगडं नेसून, डोक्यावर गाठोडं घेऊन, परसातून नाल्यानं चालत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बराच वेळ लावला, आणि पिशवीच्या तोंडाशी असलेल्या जखमेचा बारीक तुकडा काढून बाटलीत घेतला. "महिन्यानं या," त्या म्हणाल्या. "पत्र पाठवणार नाही. तुम्हीच या, तुम्हालाच सांगेन."

"यांना कळायला नको," केशरबाई म्हणाल्या. "इथी आली होती म्हून कळलं तं मले घरात तोंड दाखवता येनार नाई." त्यांनी आम्हा तिघींकडून शपथ घेतली. मग पंचफुलाबाईकडं वळून म्हणाल्या, "माय, पुढच्या मंगळवारी तूच ये मले घ्यायले." माय म्हणाल्या. पाटलीणबाई तिला माय म्हणाल्या, हे पंचफुलाबाईनं मला नंतर दोनदा सांगितलं.

त्या महिन्यातच गावच्या पुरुषांना कळलं, की आपल्या बायका बौद्धपुऱ्याच्या विहारात जाऊन बसतात. कोण जातं याची नावं कळली नाहीत, सुदैवानं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, माझी बदली होणार. तसं काही झालं नाही. उत्तमराव पाटील स्वतः माझ्या खोलीवर आले, खुर्चीवर बसले, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाईसाहेब, गावच्या लेकीसुनांसाठी तुम्ही एवढं करता आणि आमी तुम्हाले साधी जागा देऊ नये, हे बरं दिसत नाही." चावडीला लागून त्यांची दगडी खोली होती, नवीन, फरशी घातलेली, मोठ्या खिडक्यांची. ती त्यांनी बायकांच्या दवाखान्याला देऊन टाकली. वर बोर्ड रंगवला, आत टेबल, पडदा, तपासायची खाट. गावातली सगळ्यात मानाची जागा.

हा मनुष्य लबाड नव्हता हे लिहून ठेवते. लबाड असता तर मला त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं.

मी हरखून गेले. मातीच्या भिंतीतून दगडी भिंतीत! पंचफुलाबाईला दाखवायला घेऊन गेले. ती खोलीत आली नाही, रस्त्यावर उभी राहून तिनं चावडीकडं पाहिलं. चावडीच्या ओट्यावर नेहमीप्रमाणं पाचपंचवीस पुरुष तंबाखू मळत बसले होते. त्या गावची रीत अशी, की चावडीपुढून जायची वेळ आली तर बाईनं चपला काढून हातात घ्यायच्या आणि पदर ओढून भरभर निघून जायचं. चांगल्या घरची बाई तर तिथून जायचीच नाही, दोन गल्ल्या वळसा घालून जाईल. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन वर्षांत रोज पाहत होते. पण दगडी खोली पाहिली आणि डोळ्यांवर पट्टी बसली.

"नर्सबाई," ती म्हणाली, "चावडीपुढून कोन येईन?"

"येतील. सवय होईल."

"एक बी येनार नाई. पाटलीनबाई तं नाईच नाई. तिच्या जिवाचं काम आहे. इहारच राहू द्या ना."

आणि मी तिला म्हटलं, "विहारातून दवाखाना हलला म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. तुझा मान गेला ना!"

तिनं पेटी उचलली आणि दोन गल्ल्यांचा वळसा न घालता, चपला पायात तशाच ठेवून, सरळ चावडीपुढून घरी गेली. ओट्यावरचे सगळे तिच्या पायांकडं बघत राहिले.

उद्घाटनाला हार झाले, भाषणं झाली, धामणगावहून फोटोग्राफर आणला होता. तो फोटो माझ्याकडं अजून आहे. बायकांच्या दवाखान्याचं उद्घाटन, आणि फोटोत बेचाळीस पुरुष आणि मी. त्या दिवशी मला हे दिसलं नाही. गळ्यात हार घालून मी हसतेय त्यात.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर सरोजिनीबाई तपासणीचा निकाल घेऊन आल्या. तो वाईट होता, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. आत्ता मुंबईला नेलं, किरणांचा शेक दिला, तर बाई वाचेल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. एकही बाई आली नाही. केशरबाईंचं घर त्या खोलीपासून पन्नास पावलांवर होतं, त्यांच्या माडीच्या खिडकीतून आमचा बोर्ड दिसत असणार. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'तपासणीस आलेल्या स्त्रिया : निरंक.' त्याच्या पुढच्या महिन्यात निरंक. त्याच्या पुढच्या महिन्यात निरंक.

मी उत्तमरावांना गाठलं. शपथ न मोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, की घरच्या बाईसाहेबांनाही एकदा तपासून घ्या. ते हसले. "आता काय बाईसाहेब, दवाखाना दारात आहे. वाटेल तेव्हा येईन ते." त्यांना खरोखर तसं वाटत होतं.

धुणेवालीकडून निरोप जात होते, पण निरोपात 'तुम्हाला कर्करोग आहे' असं कसं सांगणार? पंचफुलाबाई पाटलाच्या पुढच्या दारी गेली, माझा कागद घेऊन. गड्यानं सांगितलं, आमच्या घरी कुणी बाळंतीण नाही. शिक्का चालला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मग तिनं काय केलं ते मला नंतर कळलं. एका दुपारी तिनं दीक्षेपासून नेसत असलेलं पांढरं लुगडं सोडून जुनं फाटकं नेसलं. पेटी घरी ठेवली. जुनं सूप काढलं, काखेत धरलं, आणि पाटलाच्या वाड्याच्या मागं जाऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली. "माय, दाईचं सूप वाढा वो," अशी हाक मारली, जशी तिची सासू मारायची, तिच्या सासूची सासू मारायची. पाच वर्षांत त्या दारात ती आली नव्हती. गोठ्यातल्या गड्यांना गंमत वाटली. आली ना शेवटी जागेवर, असं म्हणून त्यांनी तिला आत सोडलं. केशरबाई बाहेर आल्या, सुपात जवारी टाकायला वाकल्या, आणि त्या वाकण्याएवढ्या वेळात पंचफुलाबाईनं त्यांना सगळं सांगितलं.

"बाहेर कशी निघू?" केशरबाईंनी विचारलं. "कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेले जाऊ देतात. त्याच्याआधी माहा पाय बाहेर पडत नाई, आता नाल्याच्या वाटेवर बी गड्याईची नजर असते."

कार्तिकाला दोन महिने होते. मी डॉक्टरीणबाईंना कळवलं आणि त्यांनी मिनतवारी करून जत्रेतल्या लस टोचण्याच्या तंबूवर आपली ड्यूटी लावून घेतली. दोन महिने आम्ही तिघी कॅलेंडर बघत होतो आणि केशरबाईंच्या आत ते दुखणं वाढत होतं.

गोठ्यातल्या गड्यांनी मात्र ती गंमत गावभर केली. आणि ती बौद्धपुऱ्यात पोचली. विहारात बैठक बसली. पंचफुलाबाईला विचारलं, तू सूप घेऊन मागच्या दारी गेली होती का? ती म्हणाली, गेली होती. का गेली, हे ती सांगेना, कारण शपथ होती. सगळ्यांपुढं तिचा नवरा उठला.

"तुले त्या दारातून बाहेर काढासाठी आमी किती ऐकून घेतलं, तुले ठाव आहे," देवमन म्हणाला. "आता गावची पोट्टी आपल्या पोरीले म्हनतीन, जाय, तुही माय येते तशी मागून ये. पंचफुला, तू कोनासाठी गेली मले मालूम नाई. मी आपल्या समद्या पोरीसाठी बोलून राहिलो."

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "पन पुन्हा काम पडलं तं मी पुन्हा जाईन."

तिला कमिटीतून काढलं. देवमन दोन महिने तिच्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि तिच्या जागी असते तर तिनं केलं ते करायची माझी छाती झाली नसती. मी खोलीत बसून निरंक लिहीत होते.

कार्तिकात कौंडण्यपूरला जत्रा भरली. रुक्मिणीचं माहेर, तिथं जायला सासुरवाशिणीला कुणी नाही म्हणत नाही. पाटलाची छकडी आली, केशरबाई खाली उतरल्या तेव्हाच त्यांना धड उभं राहवत नव्हतं. लस टोचायच्या तंबूत, पडद्याच्या आड, एका लाकडी बाकावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. बाहेर लाउडस्पीकर चालू होता, पाळणे फिरत होते. हात धुताना डॉक्टरीणबाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, केशरबाईंना कळू नये म्हणून. पण पंचफुलाबाईनं त्यांचं तोंड पाहिलं आणि ती तंबूच्या बाहेर निघून गेली. नदीच्या बाजूला जाऊन रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता शपथ पाळण्यात अर्थ नव्हता. उत्तमरावांना सांगितलं. त्यांनी धावाधाव केली, मुंबईला नेलं, हात राखला नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय केलं? होळीच्या आधी चार दिवस केशरबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पंचफुलाबाईला बोलावून घेतलं आणि त्या घराच्या पुढच्या दारानं ती पहिल्यांदा आत गेली. कागद दाखवावा लागला नाही.

तेराव्यानंतर उत्तमरावांनी दवाखान्याला बायकोचं नाव दिलं. बोर्ड पुन्हा रंगवला. ते भाषणाला उभे राहिले. "दवाखाना दारात होता," ते म्हणाले, "अन् तिनं मले एका शब्दानं सांगतलं नाही." समोर सगळे पुरुष डोळे पुसत होते.

पावसाळ्याच्या तोंडाला वरून पत्र आलं. मांडवखेड येथे सतत अकरा महिने तपासणीस एकही स्त्री न आल्यामुळं तेथील स्त्रियांस सदर सेवेची गरज दिसून येत नाही, सबब लेडी डॉक्टरांची मंगळवारची भेट बंद करण्यात येत आहे. सोबत पुरावा म्हणून माझ्याच अहवालांचे उतारे होते. माझ्याच अक्षरात निरंक, निरंक, निरंक. विहारातल्या महिन्यांत आलेल्या बायकांचा आकडा त्यात कुठं नव्हता. ती सरकारी जागा नव्हती, म्हणून मी त्या बायका अहवालात दाखवल्याच नव्हत्या. कुणी विचारू नये म्हणून.

देवमनला तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्यानं अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात. मंगळवार परत द्या, विहाराची जागा आम्ही देतो. त्यावर पंचफुलाबाईनं बोरीच्या झुडपाच्या दोन्ही बाजूंच्या चौसष्ट बायकांचे अंगठे घेतले. उत्तर आलं, कार्यालयीन नोंदींवरून मागणी आढळत नाही.

त्रेसष्ट साली माझी अकोल्याला बदली झाली. मी निघाले त्या सकाळी एसटीच्या फाट्यावर ती आली. पेटी हातात होती. मी बरेच दिवस मनात ठेवलेलं बोलायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हटलं.

"पंचफुलाबाई, त्या दिवशी चावडीपुढं मी तुम्हाला जे बोलले, त्याची माफी…"

"माफी ठेवा वो," ती म्हणाली. तिनं पेटी उघडली, झाकणाच्या आतून घडीचा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. घड्यांवर तो फाटायला आला होता, शिक्का पुसट झाला होता. "हा तुमी लिहून देल्ला होता, तवा दारं उघडले लोकाईनं. तसाच एक मंगळवारचा लिहून द्या."

शिक्का मी आदल्या दिवशी नव्या नर्सच्या ताब्यात दिला होता. मी तसं सांगितलं. मला वाटतं, मी थट्टा करतेय की काय याचा अंदाज ती घेत होती.

"मंग त्या बायाईले मी काय सांगू?" तिनं विचारलं.

एसटी आली. मी ट्रंक वर चढवली. पुढं तीस वर्षं नोकरी केली, खूप ठिकाणी खूप शिक्के हातात आले, पण मांडवखेडचा मंगळवार मला परत आणता आला नाही. एसटी वळली तेव्हा ती अजून फाट्यावर कागद धरून उभी होती.